पेटाऱ्यातला राजा पडद्यावर येतो तेव्हा

सिंधुदुर्गातील एखाद्या देवळाच्या सभामंडपात मध्यरात्रीनंतर उभा राहणारा दशावताराचा राजा आणि मल्टिप्लेक्सच्या पडद्यावर दिसणारा दशावतारी नायक हे दोघे एकच आहेत काय, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मराठी रसिकांपुढे आला आहे. १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ने तो अधिक ठळक केला. त्याआधी, २०२१ मध्ये, अभिजीत वारंग यांच्या ‘पिकासो’ने त्याची वाट करून दिली होती. दोन्ही चित्रपटांच्या केंद्रस्थानी मालवणी मुलखातील दशावतारी कलावंत आहे. ज्यांनी आंगणेवाडीची किंवा आचऱ्याची वाट कधी धरलेली नाही, अशा पुण्या-मुंबईच्या कितीतरी प्रेक्षकांची या लोकनाट्याशी पहिली भेट झाली ती अंधाऱ्या, वातानुकूलित सभागृहात.

एका माध्यमात पिढ्यान्‌पिढ्या लोकप्रिय झालेला नायक दुसऱ्या, अधिक खर्चिक माध्यमात नेला की त्याचे काय होते, हा प्रश्न अर्थातच केवळ कोकणापुरता नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरच्या ‘वेस्टर्न’ मालिकांचे नायक चित्रपटात आणताना तो अनेकदा विचारला गेला आहे, आणि तिथली काही उदाहरणे मालवणच्या किनाऱ्यावरून पाहिली तर चकित व्हावे इतकी ओळखीची वाटतात. मात्र त्याआधी मूळ राजाची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

बाकड्याचे सिंहासन

कार्तिक-मार्गशीर्षात दक्षिण कोकणातील जत्रा सुरू होतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत दशावतारी मंडळ्या गावोगाव फिरत राहतात. पार्सेकर, मोचेमाडकर, वालावलकर, आरोलकर, आजगावकर, खानोलकर, नेरूरचे कलेश्वर अशी या मंडळांची नावे जिल्ह्यात घरोघरी ठाऊक असतात. मंडळाचे सगळे वैभव एका पेटाऱ्यात मावते. मुकुट, शस्त्रे, भरजरी वस्त्रे आणि गणपतीचा मुखवटा त्यात असतो. या पेटाऱ्याची पूजा होते. पूर्वी तो डोक्यावरून वाहून नेत. आता टेम्पोतून जातो. नेपथ्य म्हणून एक लाकडी बाकडे पुरते. राजा त्यावर बसला की ते सिंहासन, ऋषी बसला की आश्रम. साथीला पायपेटी, पखवाज आणि झांज.

प्रयोगाचे दोन भाग असतात. पहिला ‘आडदशावतार’ म्हणून ओळखला जातो. त्यात गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, विष्णू ही पात्रे क्रमाने येतात आणि मग वेद पळवणारा संकासुर येतो. त्याचा वेश काळा, तोंडावर काळी झापड आणि तोंडी अस्सल मालवणी. गावातल्या कुणाकुणाच्या खोड्या काढत तो मंडप हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर उत्तररात्री पुराणातले आख्यान सुरू होते. त्यातला राजा मालवणी बोलत नाही. तो ग्रांथिक, संस्कृतप्रचुर मराठी बोलतो, लांबलचक वाक्ये बोलतो आणि त्यातले एकही वाक्य कोणी लिहून दिलेले नसते.

शहरी वाचकाला सर्वांत नवल वाटते ते याचेच. दशावताराला लिखित संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता आज कोणते आख्यान करायचे, कोणाचा प्रवेश कोणानंतर, एवढे ठरते. बाकीचे रंगमंचावर. नारदाने धर्मशास्त्रातला अडचणीचा प्रश्न टाकला तर राजाला तेथल्या तेथे, पुराणाचा आधार देऊन उत्तर द्यावे लागते. आणि ते चुकले तर मंडपात पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या ते चटकन लक्षात येते. राजाच्या भूमिका करणारा तो ‘राजपार्टी’, स्त्रीभूमिका करणारा पुरुष तो ‘स्त्रीपार्टी’. कोकणात या दोघांचीही कीर्ती चित्रपटातल्या नटांसारखीच असते. २०२२ मध्ये निधन पावलेले सुधीर कलिंगण यांना ‘लोकराजा’ म्हणत ते उगाच नव्हे.

या राजाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तो शूर का आहे, हे प्रेक्षकांना समजावून सांगावे लागत नाही. त्याला दुःखद बालपण लागत नाही, सूडाचे कारण लागत नाही. तो विष्णू आहे, अर्जुन आहे, हरिश्चंद्र आहे आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला त्याची कथा शेवटासकट ठाऊक आहे. रस असतो तो आजच्या रात्री ती कशी सांगितली जाते यात. त्यामुळे राजा संकटात सापडला म्हणून मंडपात कोणाचा श्वास रोखला जात नाही. तो बोलताना अडखळला तर मात्र रोखला जातो.

कारण शोधणारा पडदा

चित्रपटाला हे जमत नाही, किंवा आजचा चित्रपट तसे करू इच्छित नाही. ‘पिकासो’मध्ये प्रसाद ओक यांनी साकारलेला पांडुरंग हा व्यसनात बुडालेला दशावतारी कलावंत आहे. त्याचा शाळकरी मुलगा गंधर्व चित्रकलेच्या स्पर्धेत पुढे आला आहे, पण त्याला पुढच्या फेरीत उतरवण्यासाठी लागणारे थोडे पैसेही घरात नाहीत. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखाचा मान मिळाला. तो योग्यही होता. कारण दशावताराचा प्रयोग त्यात शोभेपुरता वापरलेला नाही. तरीही पांडुरंग प्रेक्षकांपुढे उभा राहतो तो आधी कर्जबाजारी बाप म्हणून आणि मग मुकुट घातलेला नट म्हणून. मुकुट किती जड आहे हे आपल्याला कळावे, यासाठी त्याचे घर आधी दाखवले जाते.

‘दशावतार’ याच्या पुढे जातो. दिलीप प्रभावळकर यांचा बाबुली मेस्त्री हा वृद्ध कलावंत आहे, त्याची दृष्टी अधू होत चालली आहे. ऐंशी ओलांडलेल्या प्रभावळकरांना मुकुट-तलवारीसह पाहणे हाच अनेकांसाठी चित्रपटगृहात जाण्याचा हेतू होता. मुंबई दूरदर्शनवरचा त्यांचा चिमणराव आठवणाऱ्यांना तर तो धक्काच. कथा अशी की, जंगल पोखरू पाहणाऱ्या खाणीच्या मागचे सत्य बाबुलीच्या मुलाला समजते आणि त्यात त्याचा जीव जातो. त्यानंतर म्हातारा एकेका अवताराचे रूप घेऊन गुन्हेगारांपुढे उभा राहतो. अवतार येथे सूडाचे वेश होतात.

मंडपातला नट मुकुट चढवून देव होतो आणि पहाटे तो उतरवून पुन्हा शेतकरी, सुतार किंवा मजूर होतो. त्या दोन आयुष्यांच्या मधली रेषा गावाला मान्य असते, किंबहुना तिच्यावरच सगळा खेळ उभा असतो. चित्रपटात ती रेषा पुसली जाते. बाबुली मंडपाबाहेर, जंगलात, देव होतो; आणि त्याच्या देवपणाला मुलाच्या मृत्यूचे कारण जोडलेले असते. हे वाईट आहे असे म्हणता येणार नाही. अडीच तासांत अनोळखी प्रेक्षकाला खिळवायचे तर त्याच्या ओळखीचे काहीतरी द्यावेच लागते, आणि पुत्रशोक सर्वांच्या ओळखीचा आहे. पण ज्याला कारणाची गरज नव्हती अशा नायकाला कारण चिकटवले की तो आतून बदलतो.

मुखवट्याचा मालक कोण?

येथे अमेरिकेकडे वळावेसे वाटते. ‘वेस्टर्न’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या पश्चिम सीमेवरच्या घोडेस्वार, बंदूकधारी नायकांच्या कथा. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवर त्यांचे राज्य होते. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध ‘द लोन रेंजर’. १९३३ मध्ये डेट्रॉइटच्या नभोवाणी केंद्रावर तो जन्मला आणि १९४९ ते १९५७ या काळात दूरचित्रवाणीवर क्लेटन मूर या नटाने त्याला चेहरा दिला. म्हणजे डोळ्यांवरचा काळा मुखवटा दिला. सोबत जे सिल्व्हरहील्स हा मूलनिवासी मोहॉक समाजातला नट टोंटो या सहकाऱ्याच्या भूमिकेत असे.

या नायकाचे नियम ठरलेले होते. तो जीव घेण्यासाठी गोळी झाडत नाही. आणि दशावतार पाहणाऱ्याने कान टवकारावेत अशी गोष्ट ही, की तो नेहमी व्याकरणशुद्ध, रांगडेपणाचा स्पर्श नसलेली भाषा बोलतो. धुळीने भरलेल्या त्या मुलखात, जिथे सगळे बोलीत बोलतात, तिथे नायक तेवढा ग्रांथिक. मालवणी संकासुरासमोर ‘हे नराधमा’ अशी सुरुवात करणाऱ्या विष्णूचे हे दूरचे नातेच म्हणायचे. टोंटोच्या तोंडी मात्र मुद्दाम मोडकीतोडकी इंग्रजी दिलेली असे आणि पुढे त्यावर टीकाही झाली.

२०१३ मध्ये गोर व्हर्बिन्स्की यांनी मोठ्या खर्चाने ‘द लोन रेंजर’ पुन्हा पडद्यावर आणला. त्यात आर्मी हॅमरचा नायक गोंधळलेला, पुस्तकी वकील आहे आणि कथा सांगतो तो टोंटो. तोही कसा, तर १९३३ च्या एका जत्रेत, प्रदर्शनात पोशाख घालून उभा राहणारा जराजर्जर म्हातारा म्हणून. जुन्या वेशातला वृद्ध कलावंत आणि भोवती बदललेले जग ही चौकट बाबुली मेस्त्रीच्या बरीच जवळ जाते. खलनायकांचे गुपित तर आणखी जवळचे आहे: मूलनिवाश्यांच्या भूमीत दडलेली चांदी, तिची खाण आणि रेल्वेमार्ग. दोन वेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या चित्रपटांना असुर शोधताना खाणच सापडावी, हे लक्षणीय आहे. जुन्या मालिकेतला दरोडेखोर काय किंवा पुराणातला दैत्य काय, आजच्या प्रेक्षकाला तो पुरेसा खरा वाटत नाही; जमिनीखालच्या धातूसाठी माणसे उठवणारी कंपनी मात्र वाटते.

सिंधुदुर्गात तर ती कल्पनेतली नाहीच. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे लोहखनिजाच्या खाणीविरुद्ध २००९ मध्ये ग्रामस्थांचे मोठे आंदोलन झाले. २०२१ च्या जुलैत त्याच खाणीचा बांध फुटून पाणी आणि चिखल गावात शिरला. पश्चिम घाटासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये दिलेल्या अहवालातही सिंधुदुर्गातील खाणींचा प्रश्न आहे. त्यामुळे ‘दशावतार’ पाहताना मालवण-कुडाळच्या प्रेक्षकाने पडद्यावरच्या जंगलात आपलेच जंगल पाहिले असेल, तर त्यात अतिशयोक्ती नाही. हे श्रेय चित्रपटाला द्यावेच लागेल. गावातली मंडळी हा विषय संकासुराच्या तोंडच्या चार टोमण्यांतून मांडू शकतात. चित्रपटाने तो राज्यभर नेला.

अमेरिकी उदाहरणाचा दुसरा धागा अधिक बोचरा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नवा चित्रपट काढायचे ठरल्यावर ‘लोन रेंजर’चे हक्क असलेल्या कंपनीने १९७९ मध्ये वयस्क क्लेटन मूरविरुद्ध न्यायालयाचा मनाई आदेश मिळवला. त्याने सार्वजनिक कार्यक्रमांत तो मुखवटा घालायचा नाही! मूरने मोठा काळा चष्मा चढवला आणि कार्यक्रम सुरू ठेवले. १९८१ मध्ये नव्या नटाला घेऊन आलेला चित्रपट सपशेल पडला आणि १९८४ मध्ये मूरला मुखवटा परत मिळाला. १९९४ च्या ‘मॅव्हरिक’मध्ये याच्या उलट घडले. मूळ मालिकेचा नायक जेम्स गार्नर याला चित्रपटात सन्मानाने घेतले आणि तो नव्या नायकाचा बाप निघतो अशी गंमत केली. १९९९ च्या ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’बद्दल मात्र मूळ नट रॉबर्ट कॉनरॅड इतका संतापला होता की, त्या चित्रपटाला मिळालेले ‘सर्वांत वाईट’चे उपहासात्मक पुरस्कार घ्यायला तो आनंदाने मंचावर गेला.

दशावतारात असा खटला उभाच राहू शकत नाही. अर्जुनाचा मुकुट मोचेमाडकरांचा नाही, पार्सेकरांचाही नाही. आज एका मंडळात राजा असलेला नट पुढच्या हंगामात दुसऱ्या मंडळात राजा होऊ शकतो. मुखवट्याचे हक्क कोणाकडेच नसल्याने चित्रपटवाल्यांनाही कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. यात लोककलेचा मोठेपणा आहे आणि लोककलावंताची अडचणही. चित्रपटाने कमावलेल्या पैशांतले त्या पेटाऱ्यात काही पडावे, अशी कोणतीही व्यवस्था नाही.

देवाची भाषा

आपल्याकडेही दूरचित्रवाणीवरचा नायक चित्रपटात नेण्याचा एक मोठा प्रयोग अलीकडेच झाला. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर आली. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखवली गेली तेव्हाही घराघरांत लोक तिच्यासमोर बसले. २०२३ मध्ये मराठी दिग्दर्शक ओम राऊत यांनी ‘आदिपुरुष’ आणला आणि हनुमानाच्या तोंडच्या आजच्या रस्त्यावरच्या भाषेवरून एवढा गदारोळ झाला की, प्रदर्शनानंतर काही दिवसांतच काही संवाद बदलावे लागले.

कोकणातल्या प्रेक्षकाला हा वाद समजायला वेळ लागत नाही. विनोदाचे, थट्टेचे, बोलीचे त्याला वावडे नाही. देवळात, देवासमोर, संकासुर भटजींची टोपी उडवतो ते तो रात्रभर पाहतो. मात्र कोणी कोणत्या भाषेत बोलायचे, ही वाटणी तो काटेकोर मानतो. या वाटणीवरच गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० पासून हजारो प्रयोग चालले. मच्छिंद्र कांबळी यांनी ते मुंबईच्या आणि परदेशाच्या रंगमंचावर नेले. गावकऱ्यांनी बसवलेल्या पौराणिक नाटकात राजाच्या तोंडची ग्रांथिक भाषा कोसळते आणि आतून मालवणी डोके वर काढते, यातच त्याची सगळी मौज. तेही एक पुनर्निर्माणच होते. पण त्यात पौराणिक राजाला कारण चिकटवलेले नव्हते. त्याला प्रेमाने पाडलेले होते.

मंडपाने काय घेतले

पडदा रंगमंचाकडून घेतो तसा रंगमंचही पडद्याकडून घेत आला आहे, हे विसरून चालणार नाही. गेल्या काही दशकांत सिंधुदुर्गात ‘ट्रिकसीन’ची नाटके लोकप्रिय आहेत. धूर, रंगीत झोत, अकस्मात प्रकटणारे नाग आणि देव. जाहिरातीच्या फलकावर ‘ट्रिकसीन’ हा शब्द नटांच्या नावांइतकाच मोठा असतो. जाणकार नाके मुरडतात, आणि त्यांची तक्रार अर्धी खरी आहे: धूर सुटला की नारद-राजाच्या वादाला वेळ उरत नाही. उरलेली अर्धी बाजू अशी की, तरुण पोरे रात्री दोन वाजता मंडपात बसून राहतात ती काही अंशी या धुरासाठी.

प्रश्न आहे तो पडद्यावर येऊच न शकणाऱ्या भागाचा. उत्तररात्रीचा तो सैल वेळ, स्त्रीपार्टी नटाचा पदर सावरण्याचा डौल, युद्धनृत्यात पखवाजाने तलवारीला दिलेला ठेका, आणि मुख्य म्हणजे त्या क्षणी सुचलेले वाक्य. चित्रपटात प्रत्येक संवाद आधी लिहिला जातो, पुन्हा चित्रित होतो, मग ध्वनिमुद्रित होतो. दशावताराचा जीव ज्यात आहे ते हजरजबाबीपण चित्रपटात दाखवता येते, पण घडवता येत नाही. शहरी प्रेक्षक मात्र परतताना समजून घेतो की दशावतार म्हणजे सूड घेणारा मुकुटधारी नायक. पुढे एखादे मंडळ महानगरात प्रयोगाला आले आणि संयोजकांनी दोन तासांत सगळे आटपा, लढाई तेवढी दाखवा, अशी मागणी केली, तर मंडळ ती नाकारण्याच्या स्थितीत असेलच असे नाही.

कारण हिशेब साधा आहे. मंडळाचे उत्पन्न जत्रांच्या रात्रींवर अवलंबून असते. दहा-पंधरा माणसे, वाहनखर्च, वेशभूषा, आणि हंगाम जेमतेम सहा-सात महिन्यांचा. पावसाळ्यात बहुतेक कलावंत शेती किंवा मोलमजुरी करतात. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे जत्रा बंद पडल्या तेव्हा पेटारे उघडलेच नाहीत. त्या काळात या कलेचे खरे दारिद्र्य दिसले; ‘पिकासो’तला पांडुरंग प्रेक्षकांना अतिरंजित वाटला असेल तर त्यांनी ती दोन वर्षे आठवून पाहावीत.

‘दशावतार’ पाहून ज्यांना मूळ खेळ पाहण्याची इच्छा झाली असेल, त्यांच्यासाठी मालवण, कुडाळ, वेंगुर्ले आणि सावंतवाडी या तालुक्यांत तुळशीच्या लग्नापासूनचा काळ सोयीचा. गावाच्या जत्रेची तारीख पंचांगाप्रमाणे ठरते, आंगणेवाडीसारख्या ठिकाणी ती देवीच्या कौलाने ठरते. प्रवेशमूल्य नसते. फलकावर लिहिलेल्या वेळेला नाटक सुरू होण्याची शक्यता कमी. पालखीची प्रदक्षिणा आटोपेपर्यंत नट रंग लावत बसलेले असतात. संकासुर चुकवू नये. आणि पहाटे दहीहंडी फुटेपर्यंत थांबायचे असेल तर अंगावर घ्यायला काहीतरी न्यावे, मंडपाला तीन बाजूंनी भिंती नसतात.